जमिनींतील सेंद्रिय कर्ब व बदलतें हवामान : रॉथॅमस्टेडच्या शेतांपासून घेण्याजोगा बोध

हवामान बदलत आहे, ही वार्ता आमच्या वाचकांस नवी नाहीं. १९८८ सालीं राष्ट्रसंघाच्या आश्रयाखालीं स्थापन झालेलें आयपीसीसी हें शास्त्रज्ञांचें मंडळ याविषयीं वेळोवेळीं अहवाल प्रसिद्ध करीत आलें आहे, व त्यांतील गोष्टी वर्तमानपत्रांतून आपल्या कानांवर येतात. परंतु शेतकऱ्याच्या मनांत येणारा प्रश्न निराळा असतो. या सर्वांत माझ्या जमिनीचें काय होणार, आणि माझ्याकडून कशाची अपेक्षा आहे, हें त्याला जाणून घ्यावयाचें असतें. अलीकडे तर जमिनींत कर्ब सांठवा, त्यानें जगाचें तपमान आटोक्यांत येईल व तुम्हांस त्याचे पैसेही मिळतील, असें सांगणाऱ्या योजना त्याच्या दारीं येऊं लागल्या आहेत. अशा योजना मान्य करण्यापूर्वीं किंवा झिडकारण्यापूर्वीं, हा प्रश्न जेथें शंभर-पावणेदोनशें वर्षें प्रत्यक्ष शेतांत पारखला गेला आहे, तिकडे एकदां पाहून यावें हें बरें. म्हणून आज आम्ही वाचकांस इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड या प्रयोगक्षेत्राची ओळख करून देत आहों.

कर्बाचा जमाखर्च

प्रथम मूळ गोष्ट स्पष्ट करूं. पीक हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु पानांतून घेतें व त्यांतील कर्बापासून आपलें अंग बनवितें. दाणा बाजारांत जातो, कडबा गोठ्यांत जातो. मुळें, धसकटें व शेणखत यांच्या रूपानें कांहीं भाग जमिनींत परत येतो. तेथें असंख्य सूक्ष्म जंतु त्यावर उपजीविका करितात, व त्यांच्या श्वासोच्छ्वासाबरोबर बराचसा कर्ब पुन्हां हवेंत निघून जातो. मागें जें शिल्लक राहतें त्यालाच आपण सेंद्रिय कर्ब म्हणतों. जमिनीचा भुसभुशीतपणा, ओल धरून ठेवण्याची शक्ति व नत्राचा सांठा हीं सर्व त्यावर अवलंबून असतात. संसाराच्या जमाखर्चाप्रमाणेंच हा हिशेब आहे. जमा वाढली तर शिल्लक वाढते; खर्च वाढला तर ती घटते. ओल पुरेशी असतां उष्णतेनें जंतूंचें काम जलद होतें, म्हणजे खर्चाची बाजू वाढते.

आतां हवेकडे पाहूं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेंतील या वायूचें मोजमाप सुरू केलें. तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. २०२४ सालीं तो ४२० भागांहून अधिक भरला. कारखानदारीच्या युगापूर्वीं तो २८० भागांच्या आसपास होता, हें ध्रुवप्रदेशांतील बर्फांत कोंडलेल्या जुन्या हवेवरून ठरविण्यांत आलें आहे. ही वाढ मुख्यतः दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळें झाली. रानें तोडून व नव्या जमिनी नांगराखालीं आणूनही तींत भर पडली. हा वायु पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, त्यामुळें तपमान वाढतें. जमिनींतील कर्बाचा सांठा हवेंतील सांठ्याहून पुष्कळ मोठा आहे. म्हणून त्यांत थोडा फेरफार झाला तरी तो हवेला जाणवतो.

ब्रॉडबॉकचें शेत

लंडनच्या उत्तरेस हार्पेंडेन गांवीं जॉन बेनेट लॉज या जमीनदाराची वडिलोपार्जित शेती होती. सुपरफॉस्फेट खत तयार करण्याचा हक्क त्यानें १८४२ सालीं नोंदविला, व पुढल्याच वर्षीं जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग मांडला. शेताचे पट्टे पाडले. एका पट्ट्यास कसलेंही खत द्यावयाचें नाहीं. एकास दरवर्षीं एकरीं सुमारें १४ टन, म्हणजे अर्ध्या टनाची गाडी धरल्यास २८ गाड्या, शेणखत द्यावयाचें. इतरांस नत्र, स्फुरद, पालाश इत्यादि निरनिराळ्या प्रमाणांत द्यावयाचें, असा नियम ठरला. १८४३ च्या शरद ऋतूंत पहिली पेरणी झाली, आणि तो प्रयोग आजतागायत चालू आहे.

या प्रयोगानें काय दाखविलें? बिनखताचा पट्टा पार ओसाड झाला नाहीं; तो एकरीं चार क्विंटलांच्या आसपास गहूं देत राहिला. वरखतांच्या चांगल्या पट्ट्यांनीं शेणखताच्या पट्ट्याच्या बरोबरीचें उत्पन्न दीर्घकाळ दिलें. यावरून शेणखत अनावश्यक आहे असें कोणी म्हणेल, पण जमिनीची परीक्षा निराळें सांगते. शेणखताच्या पट्ट्यांतील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. वरखतांच्या पट्ट्यांत मुळें व धसकटें अधिक पडल्यामुळें तो बिनखताच्या पट्ट्याहून किंचित् अधिक आहे, इतकेंच.

ही वाढ कशी झाली हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. आरंभींच्या कांहीं दशकांत ती वेगानें झाली. पुढें पुढें मंदावत गेली. तेवढेंच खत दरवर्षीं पडत असूनही आतां शिल्लक फारशी वाढत नाहीं. जमा व खर्च यांची तोंडमिळवणी झाली. जमीन ही अमर्याद कोठी नव्हे. तिला माप आहे, हा यांतील पहिला बोध.

दुसरा बोध शेजारच्या हूसफील्ड नांवाच्या शेतांत मिळतो. तेथें जवाच्या एका पट्ट्यास १८५२ पासून १८७१ पर्यंत, म्हणजे वीस वर्षें, शेणखत दिलें व नंतर कायमचें बंद केलें. त्या खताचा मोठा भाग केव्हांच नाहींसा झाला. तरी शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही त्या पट्ट्यांत कधींच खत न दिलेल्या पट्ट्याहून अधिक सेंद्रिय द्रव्य आढळतें. आजोबांनीं घातलेलें खत नातवाच्या पिकाला कांहीं अंशीं पोंचतें, ही आपल्याकडील समजूत येथें काट्यावर तोललेली दिसते.

तिसरा बोध सावधगिरीचा आहे. ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांखालीं १८४९ सालीं निचऱ्याच्या नळ्या घातल्या होत्या. त्यांतून वाहणारें पाणी तपासतां, पिकाला न लागलेलें नत्र पाण्याबरोबर निघून जातें असें दिसलें. हें वरखतांप्रमाणेंच भरमसाट शेणखतासही लागू आहे. त्यांतच नत्राचा कांहीं भाग नायट्रस ऑक्साइड वायु होऊन हवेंत जातो, आणि हा वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७० पट उष्णता अडवितो. तेव्हां जमिनींत कर्ब भरण्याच्या हौसेनें हवें तितकें खत ओतणें हा उपाय नव्हे.

डब्यांतील माती

लॉज व गिल्बर्ट यांनीं आणखी एक काम केलें, तें आमच्या मतें सर्वांत मोलाचें. दरवर्षींचें धान्य, काड व वेळोवेळीं घेतलेली माती यांचे नमुने त्यांनीं बाटल्यांत व डब्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेविले. पुढील पिढ्यांनीं ती चाल मोडली नाहीं. आज तेथें सुमारें तीन लक्ष नमुने आहेत. पावसाची नोंद १८५३ पासून व तपमानाची १८७८ पासून आहे. त्या नोंदींवरून तेथील सरासरी तपमान जुन्या काळाहून १ अंश सेल्सिअसपेक्षां अधिक वाढल्याचें दिसतें.

या नमुन्यांचा उपयोग, ते ठेवणारांनीं स्वप्नांतही कल्पिला नसेल असा झाला. १९५० नंतरच्या अणुस्फोटांमुळें हवेंत किरणोत्सर्गी कर्ब वाढला. त्या आधींची व नंतरची माती ताडून पाहतां, जमिनींतील कर्ब किती वर्षांत पालटतो याचा अजमास करतां आला. डेव्हिड जेंकिन्सन व त्यांचे सहकारी यांनीं अशा आंकड्यांवरून एक गणिती कोष्टक बसविलें. तें आज अनेक देशांत वापरतात. त्याच्या आधारें त्यांनीं १९९१ सालीं असा हिशेब मांडला कीं, जगाचें तपमान दरवर्षीं ०.०३ अंशानें वाढत गेलें तर साठ वर्षांत केवळ त्या उष्णतेमुळें जमिनींतून ६१ अब्ज टन जादा कर्ब हवेंत जाईल. म्हणजे तापलेली हवा जमिनीची शिल्लक खाईल, व ती खाल्ल्यानें हवा अधिक तापेल. हें दुष्टचक्र शेतकऱ्याच्या उरावर बसणारें आहे, कारण हवेंत जाणारी ती शिल्लक त्याच्याच शेताची असते.

हजारीं चार

२०१५ सालीं पॅरिस येथें हवामानाचा जागतिक करार झाला, तेव्हां फ्रान्सच्या पुढाकारानें "हजारीं चार" हा संकल्प जाहीर झाला. जमिनींतील कर्ब दरवर्षीं हजारीं चार या प्रमाणांत वाढविला तर हवेंतील वायूच्या वाढीस मोठा पायबंद बसेल, असा त्याचा आशय. रॉथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनीं आपले सोळा दीर्घकालीन प्रयोग तपासून २०१८ सालीं त्यावर अभिप्राय दिला. कित्येक प्रयोगांत वाढ याहूनही अधिक झाली, हें त्यांनीं प्रांजळपणें मान्य केलें. परंतु तीसाठीं लागणारें खत बहुतेक शेतकऱ्यांपाशीं नसतें, कित्येक उपाय परवडत नाहींत, आणि जमीन गवताखालीं किंवा रानाखालीं सोडल्यास धान्य घटतें, हेंही त्यांनीं सांगितलें. ब्रॉडबॉकच्याच एका तुकड्यांत १८८२ सालीं गहूं न कापतां शेत निसर्गावर सोडलें. तेथें आज रान आहे, व वरच्या थरांतील कर्ब दुपटीहून अधिक झाला आहे. मात्र गहूं चार वर्षांतच जवळजवळ नाहींसा झाला.

"हजारीं चार" म्हणजे किती, तेंही पाहूं. दक्षिणेंतील पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्धा किंवा त्याहूनही कमी आढळतो. शेंकडा ०.५० चे वर्षानंतर ०.५०२ होतील, व वीस वर्षांनीं ०.५४. एका वर्षाचा हा फरक माती-परीक्षणांत पकडतां येणें शक्य नाहीं. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत याहून मोठें अंतर सांपडेल. म्हणून वर्षभरांत कर्ब मोजून पैसे देऊं म्हणणारास वाचकांनीं इतकें अवश्य विचारावें : मोजणार कोण, किती खोलीवर, किती वर्षांनीं, व मधल्या काळांत शिल्लक घटली तर भरपाई कोणाच्या माथीं? उत्तरें कागदावर मिळाल्याखेरीज सही करूं नये.

शिवाय एका शेताचें खत दुसऱ्या शेतांत नेल्यानें दुसरें शेत सुधारतें, पण हवेच्या हिशेबांत फरक पडत नाहीं. जें जळून जाणार होतें तें जमिनींत गेलें, तरच खरी बचत. हें मर्म आपल्या देशांत पूर्वींच ओळखलें गेलें होतें. ब्रॉडबॉकचें निचऱ्याचें पाणी तपासणाऱ्या व्होल्कर यांचे चिरंजीव डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे १८८९ सालीं सरकारच्या वतीनें हिंदुस्थानांत आले होते. १८९३ च्या आपल्या अहवालांत त्यांनीं शेणाच्या गोवऱ्या जाळल्यानें होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधलें. मात्र दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला न देतां सरपणाच्या टंचाईला दिला, व जळणाचीं झाडें लावण्याची सूचना केली.

आपला पुण्याशीं असलेला दुवाही सांगण्याजोगा आहे. पुणें शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल व पुढें मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख झालेले डॉ. हॅरॉल्ड मॅन हे येथून गेल्यावर, १९२८ पासून १९५६ पर्यंत, रॉथॅमस्टेडच्याच वोबर्न येथील शाखेचें काम पाहात होते. तेथें असतांही त्यांनीं आपल्या दख्खनचा विसर पडूं दिला नाहीं. १८६५ ते १९३८ या काळांतील येथील पर्जन्य व दुष्काळ यांचा अभ्यास त्यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केला. जुन्या नोंदी कोणीतरी नेटानें ठेविल्या होत्या, म्हणूनच तो होऊं शकला.

आपण काय करावें

रॉथॅमस्टेडची थंड हवा आपली नव्हे. आपल्याकडे उष्णता अधिक, म्हणून कर्बाचा खर्चही अधिक. शिल्लक वाढविणें आपल्यास जड, पण म्हणूनच आहे ती राखणें अधिक अगत्याचें. उसाचें पाचट व गव्हाचें काड पेटवूं नये. गोवऱ्यांवांचून भागेल तेथें शेण उकिरड्यांत जावें, आणि तें एकाच शेतावर न ओततां बेताबेतानें सर्व शेतांवर फिरवावें. उतारावरील माती बांधानें अडवावी, कारण मातीबरोबरच कर्ब वाहून जातो. गरजेबाहेर नांगरट करूं नये. यांत नवें कांहीं नाहीं; पण यानें जमीन ओल धरील, व पावसानें दगा दिला तर पीक चार दिवस अधिक तग धरील. तो लाभ कोणत्याही योजनेच्या पैशावर अवलंबून नाहीं. कोळसा व तेल जाळणें आंवरल्याखेरीज जगाचें तपमान केवळ शेतकऱ्याच्या खतानें थांबणार नाहीं, हेंही आम्ही स्पष्ट सांगूं इच्छितों. तो भार ज्यांचा त्यांनींच उचलला पाहिजे.

शेवटीं एक विनंति. दर तीन-चार वर्षांनीं, त्याच शेतांतून, त्याच खोलीवरून व त्याच हंगामांत माती काढून तपासावी. तिचे आंकडे, त्या वर्षींचा पाऊस, घातलेलें खत व आलेलें उत्पन्न एका वहींत लिहावें. आणि तपासून उरलेली मूठभर माती वाळवून, चिठ्ठी लावून, डब्यांत ठेवावी. ती वही व तो डबा मुलाच्या हातीं द्यावा. आपल्या जमिनीवर हवेचा काय परिणाम झाला, हें त्याला मग दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.