खिशातला लिनक्स आणि मामाचा झॉरस

आधीच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'एकोणसत्तर' म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन, हे ठरवायला मला आजही दोन सेकंद लागतात. मराठी विभागासाठी लेख दे असं संपादिका बाईसाहेबांनी (म्हणजे माझ्या रूममेटने) फर्मान काढलं, तेव्हा पोटात गोळाच आला. पण विषय असा आहे की तो मराठीतच सांगायला हवा. का, ते शेवटी कळेल.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे माळा साफ करताना एक डबा सापडला. मामा २००४ ते २००७ या काळात नोकरीसाठी टोकियोत होता. डब्यात त्याचा शार्प झॉरस एसएल-सी८६० निघाला. मामा म्हणाला, "अगं घेऊन जा, चालला तर तुझा!"

आता झॉरस म्हणजे काय? चष्म्याच्या डबीसारखा उघडायचा, आत छोटासा कीबोर्ड आणि ३.७ इंची स्क्रीन. स्क्रीन गोल फिरवून उलटी मिटली की पाटीसारखा हातात धरता येतो. हे मॉडेल २००३ सालचं, जपानी बाजारासाठीचं. ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १२८ एमबी फ्लॅश आणि ६४० बाय ४८० पिक्सेल. आज आकडे वाचून हसू येतं, पण आत खराखुरा लिनक्स आहे, २.४ मालिकेतला. टर्मिनल उघडा, आपल्या ओएसच्या प्रॅक्टिकलच्या कमांड्स चालतात. लिनक्स खिशात घालायची धडपड आपल्या देशातही झाली होती बरं का! बंगळूरचा सिम्प्युटर लिनक्सवरच चालायचा आणि २००४ मध्ये तो 'अमिडा' नावाने बाजारात आला होता.

असो. माझा झॉरस मात्र चालत नव्हता. इथून पुढे माझी परीक्षा सुरू झाली.

पहिला पेपर : यंत्र ढिम्म

ॲडॅप्टर हरवलेला. लेबलवर ५ व्होल्ट लिहिलेलं होतं, म्हणून थेट इलेक्ट्रॉनिक्स लॅब गाठली. लॅबचे काका म्हणाले, "बाळा, आधी पोलॅरिटी बघ, मग बटण दाब." लेबलवर गोलाच्या चित्रात मधली पिन प्लस दाखवलेली असते, ते चिन्ह बघून, मल्टिमीटरने मोजून आणि करंट लिमिट १ ॲम्पिअरवर ठेवून जोडणी केली. त्याआधी बॅटरी फुगलेली नाही ना, हेही पाहिलं. फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करायचा मोह कुणीही करू नये, ती सरळ बाजूला काढावी.

बटण दाबलं. काही नाही. दिवासुद्धा नाही. मी लगेच, "काका, स्क्रू ड्रायव्हर द्या ना." काकांनी स्क्रू ड्रायव्हर दिला नाही. यंत्र पालथं केलं, बॅटरीच्या झाकणाजवळचा इवलासा खटका नखाने सरकवला आणि परत माझ्या हातात दिलं. नारिंगी दिवा लागला! झाकण नीट लॉक नसेल तर झॉरस सुरूच होत नाही. चालू यंत्रातून कुणी बॅटरी उपसू नये म्हणून ही सोय. मी तर मदरबोर्ड मेला असं जाहीर करून मोकळी झाले होते. तास-दीड तास चार्जिंग झाल्यावर स्क्रीन उजळली.

दुसरा पेपर : 'फ्लॅश मारून टाकू'

सगळे मेनू जपानी. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करत करत पुढे गेले. नोंदवहीचा प्रोग्राम उघडायचा आणि लगेच मिटायचा. नवीन काही सेव्ह होईना. आपल्या विंगमध्ये अशा वेळी एकच सल्ला मिळतो : "फॉरमॅट मार!" झॉरसवर त्याचा अर्थ नवा रॉम फ्लॅश करणं. हौशी लोकांनी बनवलेले ओपनझॉरस, पीडीएएक्सरॉम असे पर्यायी रॉम यासाठी आहेतच. मामाला फोन केला, तोही म्हणाला, "कर की, त्यात काय असणार आता!"

मी तयारीत होते. पण काकांच्या लॅबमध्ये एक नियम आहे. सर्किट सोडवण्याआधी ते कागदावर काढून घ्यायचं. मनात म्हटलं, इथे कागद म्हणजे बॅकअप. झॉरसमध्ये त्याची छान सोय आहे. डी आणि एम ही बटणं दाबून धरून यंत्र सुरू केलं की सर्व्हिस मेनू येतो आणि त्यातून पूर्ण फ्लॅशची नक्कल कार्डावर उतरवता येते. या मेनूत बाकी काही चाळवू नका. तो दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आहे.

मी मोबाइलचं ३२ जीबीचं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून खुपसलं, तर झॉरस म्हणे कार्डच नाही. दुसरं कार्ड, तेच. तिसरं, तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या एसडी कार्डात डेटाचा पत्ता बाइटमध्ये मोजतात. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी प्रकारात तो ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजतात. २००३ च्या यंत्राला ही नवी भाषा कळणार कशी? म्हणजे कार्डही चांगलं आणि यंत्रही चांगलं, दोघांचं फक्त बोलणं जुळत नव्हतं. शेवटी काकांच्या ड्रॉवरमधून जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातलं ५१२ एमबीचं कार्ड निघालं. ते पहिल्या झटक्यात ओळखलं गेलं आणि बॅकअप झाला.

आता निवांत मनाने टर्मिनल उघडलं. (ते मामाने तेव्हाच टाकून ठेवलं होतं.) 'डीएफ' कमांड दिली, ती डिस्कवर किती जागा उरली ते सांगते. होम विभाग १०० टक्के भरलेला! प्रोग्राम बिघडला नव्हता, त्याला लिहायला जागाच नव्हती. 'डीयू'ने फोल्डरवार हिशोब काढला, तर बहुतेक जागा गाण्यांनी खाल्लेली. गाणी कार्डावर हलवली आणि नोंदवही मुकाट्याने उघडली. फ्लॅश मारायची गरजच नव्हती.

तिसरा पेपर : केबल आहे, बोलणं नाही

इतक्याशा कीबोर्डवर अंगठे दुखायला लागले, म्हणून डब्यातल्या केबलने झॉरस लॅपटॉपला जोडला. केबल जोडल्यावर लॅपटॉपच्या लिनक्सला तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो, कर्नलमध्ये त्यासाठी ड्रायव्हर आहे. पण 'पिंग' काही जाईना. कारण शार्पच्या मूळ रॉममध्ये झॉरसचा पत्ता ठरलेला असतो, १९२.१६८.१२९.२०१. माझा लॅपटॉप बिचारा पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरची वाट बघत बसला होता, आणि त्या केबलवर तसं कुणीच नव्हतं. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१२९.१ दिला, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि उत्तर आलं! सबनेट म्हणजे काय हे नेटवर्क्सच्या पेपरला मी पाठ केलं होतं. कळलं त्या रात्री. दोघं एकाच गल्लीत राहत असतील तरच हाक ऐकू जाते.

मग एसएसएच करायला गेले, तर लॅपटॉपनेच नकार दिला. लाल अक्षरं दिसली की आपण खिडकी बंद करतो, पण या वेळी मेसेज पूर्ण वाचला. समोरचं यंत्र कुठल्या पद्धती देऊ करतंय, ते त्याच ओळीच्या शेवटी लिहिलेलं असतं. झॉरसवरची किल्ली अदलाबदलीची पद्धत इतकी जुनी की ओपनएसएसएचने ती २०१५ मध्येच डिफॉल्टमधून काढली. फक्त त्या एका पत्त्यासाठी ती परत चालू केली आणि आत शिरले. दोघांमधल्या केबलवर हे चालतं, होस्टेलच्या वायफायवर मात्र असले जुने दरवाजे उघडू नका.

मग उपयोग काय?

हा प्रश्न मेसमध्ये रोज विचारला जातो. तर ऐका. नोट्स टेक्स्ट फाइलमध्ये टाकते आणि अभ्यासाला बसताना मोबाइल कपाटात, झॉरस टेबलावर. नोटिफिकेशन नाही, रील नाही. बॅटरी आता जेमतेम चाळीस मिनिटं टिकते, म्हणजे माझ्या एकाग्रतेपेक्षा जास्तच. शेल स्क्रिप्ट लिहून मेसच्या बिलाचा हिशोबही त्यावर ठेवते. (मेस सेक्रेटरींनी नोंद घ्यावी.)

ज्युनिअर्ससाठी या सगळ्याचं सार चार ओळींत. आधी बाहेरून बघा, स्क्रू नंतर. काहीही बदलण्याआधी बॅकअप घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. आणि एरर मेसेज शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

आता ते राहिलेलं 'का'. होम विभाग तपासताना 'आई' नावाचं एक फोल्डर दिसलं. झॉरसवर देवनागरी फॉन्ट नव्हता, त्यामुळे मामाने सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. मला ते वाचायला सोपंच गेलं म्हणा! २००५ च्या तारखांच्या सतरा फाइल्स. टोकियोत एकट्याने स्वयंपाक करताना मामा आजीला फोन करायचा आणि ती सांगेल ते तसंच्या तसं टाइप करायचा. पुरणपोळी, कटाची आमटी, सांजोऱ्या. मध्येच "नीट ऐकतोयस ना रे?" हेही त्याने टाइप केलेलं. आजी जाऊन आता सहा वर्षं झाली. तिने कधी काही लिहून ठेवलं नाही, आणि आपण लिहून घेतलं होतं हे मामा स्वतःच विसरला होता.

फ्लॅश मारला असता तर ते सगळं गेलंच असतं, आणि काय गेलं हे आम्हाला कधी कळलंही नसतं.

मी एकेक फाइल देवनागरीत उतरवून मामाला पाठवली. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सांजोऱ्यांच्या फाइलमध्ये मोहन किती ते आहे ना ग?"

आहे. "हाताला कळेल तेवढं," असं लिहिलंय.