पोथीच्या कागदाचें वय व अणूंची मोजदाद

नेकनुरांतील एका गृहस्थांनीं गेल्या वर्षीं आम्हांस ज्ञानेश्वरीची एक हस्तलिखित पोथी दाखविली. अखेरच्या पानावर शके १२१२ असा उल्लेख पाहून पोथीही तेव्हांचीच, अशी त्यांची दृढ समजूत. हा शक ग्रंथरचनेचा असून नकलकार तो मूळ प्रतीवरून उतरीत आले आहेत, हें आम्हीं त्यांस सांगितलें. अक्षराच्या वळणावरून पोथी दोनअडीचशें वर्षांपलीकडील वाटेना. परंतु 'वाटेना' हा कांहीं पुरावा नव्हे. तेव्हां कागदाचें वय मोजण्याची जी रीत आहे तिचा विचार करणें प्राप्त झालें.

वनस्पति जिवंत असतां हवेंतील कर्ब घेते. त्यांत कर्ब-१४ हा किरणोत्सर्गी प्रकार सुमारें एक लाख कोटी अणूंत एक, इतका विरळ असतो. वनस्पति मेली कीं भरणा थांबतो, आणि उरलेला सांठा ५७३० वर्षांनीं निम्मा होतो. लिबी यांची १९४९ च्या सुमाराची रीत फुटणारे अणु मोजण्याची होती; नेवाशाच्या उत्खननांतील कोळसा मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत याच रीतीनें मोजला गेला. तिला ग्रॅमच्या मापानें द्रव्य लागे. मिलिग्रॅमभर ताज्या कर्बांत कर्ब-१४ चे सुमारें सहा कोटी अणु असतात, पण दिवसभरांत फुटतात वीसच! पोथीचें पान जाळून वीस टिचक्या ऐकावयाच्या, हा व्यवहार कोण करील?

१९७७ पासून पुढें आलेल्या त्वरक-रीतींत अणु फुटण्याची वाट न पाहतां ते स्वतःच मोजतात. कर्बास प्रथम ऋणभार देतात. नत्र-१४ चें वजन जवळजवळ तेंच, पण त्याचा ऋण आयन टिकत नाहीं. म्हणून तो तोतया दारांतच गळतो. पुढें लक्षावधि व्होल्टांच्या दाबानें वेग देऊन आयन विरळ वायूंतून नेले असतां समान वजनाचे रेणूही फुटून जातात. मग चुंबक उरलेले अणु वजनावार निवडतो. कागदाचा नखाएवढा तुकडा पुरतो. आपल्याकडे दिल्लीचें आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र व अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा येथें ही सोय आहे.

मात्र कळतें तें तंतूंचें वय, लेखनाचें नव्हे. चिंध्यांचा कागद असेल तर चिंधी आधींची. १८८१ सालीं सांपडलेल्या बख्शाली भूर्जपत्रांचें उदाहरण बोलकें आहे. २०१७ सालीं ऑक्सफर्डनें तीन पानांचे निकाल जाहीर केले: इ. स. २२४–३८३, ६८०–७७९ व ८८५–९९३. एकाच पोथीचीं तीन पानें! अक्षर व विषय अखंड दिसत असतां सर्वांत जुनें पानच पोथीचा काळ कसें ठरवील, असा आक्षेप गणितेतिहासाच्या अभ्यासकांनीं तत्काळ घेतला, व तो आम्हांस रास्त वाटतो.

दुसरी अडचण आपल्या घरची. हवेंतील कर्ब-१४ चें प्रमाण स्थिर नसल्यामुळें इ. स. १६५० नंतरच्या तीनशें वर्षांचे निकाल एकमेकांत मिसळतात. पेशवाईंतील कागद सवाई माधवरावांच्या वेळचा कीं शाहूछत्रपतींच्या, हें यंत्र सांगणार नाहीं. तेथें मोडी वळण व जलचिन्हेंच उपयोगी. आमच्या प्रश्नास मात्र तें पुरेसें आहे. १२९० चा कागद आणि अठराव्या शतकांतील कागद यांत गफलत होण्याचें कारण नाहीं.

तुकडा कोऱ्या समासाचा घ्यावा, डिंक वा खळ लावून सांधलेल्या पानाचा घेऊं नये, व कापसांत न गुंडाळतां ॲल्युमिनियमच्या वर्खांत ठेवावा. हें सर्व त्या गृहस्थांस पटलें आहे. पोथीस कात्री लावण्यास त्यांच्या मातोश्रींची संमति अद्याप मिळावयाची आहे.