मजुरी दारूत, मग मालकी कोणाची?

दारूविषयीचा लेख या पानावर कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. ज्या दारूने आपल्या वस्त्या पोखरल्या, तिची भलामण येथे करायची नाही. परंतु ज्या धंद्यात एका समाजाने साडेतीनशे वर्षे घाम गाळला आणि ज्या धंद्याने त्याच समाजाला मजुरीच्या नावाखाली दारू पाजली, त्या धंद्याची मालकी कोणाकडे असावी, हा प्रश्न दारूचा नाही. तो जमिनीचा, सत्तेचा आणि स्वाभिमानाचा आहे. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतील वाइन उद्योगाकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.

डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधील अधिकारी यान व्हान रीबेक याने २ फेब्रुवारी १६५९ रोजी तेथील द्राक्षांपासून पहिली वाइन निघाल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १६५८ मध्ये, गुलामांनी भरलेली जहाजे केपच्या किनाऱ्याला लागली होती. म्हणजे द्राक्षाचा वेल आणि गुलामगिरी ही दोन्ही त्या मातीत एकाच सुमारास रुजली. हे गुलाम मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियाच्या बेटांवरून आणले गेले, तसेच आपल्या बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरूनही आणले गेले. तेव्हा केपच्या द्राक्षबागांत आपल्याही देशातील माणसांचा घाम मुरलेला आहे, हे विसरून चालणार नाही. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मात्र ‘उमेदवारी’च्या गोंडस नावाखाली त्याच मालकांकडे आणखी चार वर्षे सक्तीने राबावे लागले.

गुलामगिरी गेली, पण बेडी राहिली. तिचे नाव ‘डॉप’. द्राक्षबागेतील मजुराला मजुरीचा काही भाग पैशांऐवजी स्वस्त, हलक्या प्रतीच्या वाइनमध्ये द्यायचा, तोही दिवसातून अनेक वेळा, पेल्याने मोजून. यातला डाव साधा होता. व्यसन लागलेला मजूर मळा सोडून जात नाही, कर्जात बुडतो, संघटना करत नाही आणि हक्क मागत नाही. वर मालकाची न विकली जाणारी वाइनही खपून जाते. १९६० च्या दशकात या प्रथेवर कायद्याने बंदी आली, परंतु अनेक मळ्यांवर ती १९९० च्या दशकापर्यंत चालूच होती. मातेच्या पोटात असतानाच दारूचा परिणाम होऊन कायमचे व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांचे प्रमाण जगात जिथे सर्वाधिक आढळते, त्यात या वेस्टर्न केप प्रांताचा समावेश होतो. पिढ्यान् पिढ्या दारू पाजायची आणि मग ‘हे लोक दारुडेच’ म्हणून नाक मुरडायचे! शोषकांची ही रीत आपल्याला अपरिचित आहे काय?

दुसरी बेडी जमिनीची. १९१३ च्या कायद्याने देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी अवघी सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली आणि उरलेल्या ठिकाणी जमीन विकत घेण्यास त्यांना मज्जाव केला. १९३६ मध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. १९१८ मध्ये द्राक्ष बागायतदारांची ‘के. डब्ल्यू. व्ही.’ ही बलाढ्य सहकारी संस्था उभी राहिली. किती पिकवायचे आणि काय भावाने विकायचे, हे तीच ठरवू लागली. कायदा गोऱ्यांचा, जमीन गोऱ्यांची, सहकारही गोऱ्यांचाच. कृष्णवर्णीयाच्या वाट्याला फक्त कात्री आणि टोपली.

१९९४ मध्ये वर्णभेदी राजवट संपली, तरी तळघरांचे दरवाजे आपोआप उघडले नाहीत. ते ठोठावणारी माणसे पुढे यावी लागली.

न्त्सिकी बियेला हे त्यातील एक नाव. क्वाझुलू-नाताल प्रांतातील खेड्यात आजीने वाढवलेली ही मुलगी. आई डरबनला घरकाम करीत होती. शाळा संपल्यावर न्त्सिकीनेही वर्षभर लोकांच्या घरी कामे केली. मग साउथ आफ्रिकन एअरवेजची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती स्टेलेनबॉश विद्यापीठात द्राक्षशेती व वाइननिर्मितीचे शिक्षण घेण्यास गेली. तोपर्यंत तिने वाइनची चवही घेतली नव्हती. शिकवले जाई आफ्रिकान्स भाषेत, जी तिला येत नव्हती. तरीही २००३ मध्ये तिने पदवी मिळवली आणि २००४ मध्ये एका वाइनरीत वाइननिर्मितीची सूत्रे हाती घेतली. देशातील पहिली कृष्णवर्णीय महिला वाइननिर्माती म्हणून ती ओळखली जाते. २००९ मध्ये ती वर्षातील सर्वोत्तम महिला वाइननिर्माती ठरली. २०१६ मध्ये बियेला यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. त्याला नाव दिले आजीचे, ‘अस्लिना’.

कार्मेन स्टीव्हन्स यांची कथा तर अधिक बोलकी आहे. त्यांची आई कारखान्यात कामगार होती. वाइननिर्मिती शिकण्यासाठी त्यांनी एल्सेनबर्ग कृषी महाविद्यालयात अर्ज केले, पण त्वचेच्या रंगामुळे त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्या थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये प्रवेश मिळाला आणि १९९५ मध्ये त्या शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. २०१९ मध्ये त्यांनी स्टेलेनबॉशमध्ये स्वतःची वाइनरी सुरू केली. संपूर्णपणे कृष्णवर्णीय मालकीची देशातील पहिली वाइनरी म्हणून तिचा उल्लेख होतो. शाळकरी मुलांना जेवण पुरवण्याचे कामही त्या करतात. वर गेल्यावर मागे वळून पाहणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

२००३ मध्ये रंगाका कुटुंबाने स्टेलेनबॉशजवळ मळा विकत घेऊन ‘म्हुदी’ नावाने वाइन बाजारात आणली. द्राक्षशेतीचा कसलाही वारसा नसताना हे धाडस त्यांनी केले. बियेला ज्या संस्थेशी जोडल्या गेल्या, ती पिनोटाज युवा विकास अकादमी २०१२ पासून गरीब वस्त्यांतील तरुणांना या उद्योगातील नोकऱ्यांसाठी तयार करते. २००६ पासून नामवंत वाइननिर्मात्यांच्या संघटनेने होतकरू तरुणांना हाताखाली घेऊन शिकवण्याची योजनाही चालवली आहे.

हे सारे अभिमानास्पद आहे. पण चार चेहरे चमकले म्हणजे समाज मुक्त झाला, असे मानण्याची चूक आपण करू नये. २००३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सबलीकरणाचा कायदा झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, वेस्टर्न केपमधील द डूर्न्सच्या द्राक्षमळ्यांतील मजूर रस्त्यावर उतरले. त्यांची किमान मजुरी तेव्हा दिवसाला अवघी ६९ रँड होती आणि ते १५० रँड मागत होते. सरकारने मार्च २०१३ पासून १०५ रँड दिले. तेही संघर्ष केल्यावर, कुणाच्या दयेने नव्हे!

दुसरे असे की, कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या वाइनची नावे वाढली, पण द्राक्षबागांच्या जमिनीचा फारच थोडा भाग त्यांच्या हाती आला. अनेकांना द्राक्षे दुसऱ्याकडून विकत घ्यावी लागतात आणि वाइन दुसऱ्याच्या तळघरात बनवावी लागते. बियेला यांनाही सुरुवात अशीच करावी लागली. बाटलीवर नाव आपले आणि बाटलीखालची जमीन दुसऱ्याची, अशी ही अवस्था आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तेथे दारूविक्रीवर वारंवार बंदी आली. ज्यांच्यामागे ना जमीन ना भांडवल, अशा छोट्या उद्योजकांना असा फटका पेलणे सर्वांत अवघड असते.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, अशी मागणी का केली होती, हे केपच्या द्राक्षबागा पाहिल्यावर लख्ख कळते. पदवी हवी, नोकरी हवी, उद्योगही हवा. परंतु पायाखाली जमीन नसेल तर हे सारे उसन्या जागेवरचे घर ठरते.

आपल्या महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक परिसरात वाइनरी उभ्या राहिल्या. सुरगाणा, पेठ येथील आदिवासी मजूर दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत राबायला जातात. त्या मजुरांपैकी किती जणांची मुले उद्या द्राक्षशास्त्र शिकतील? किती जण बागेचे मालक होतील? ते धोरण कोणासाठी होते, हा प्रश्न आपण विचारला काय?

बियेलांना एक शिष्यवृत्ती मिळाली आणि शतकांचे कुलूप निघाले. आपल्याकडे कृषी पदवीधर आहेत, उद्योग करू पाहणारे तरुण आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत. मात्र मागणी केवळ नोकरीची नको. मागणी जमिनीत, भांडवलात आणि मालकीत वाट्याची हवी. कात्री आणि टोपली पुष्कळ पिढ्या उचलली. आता सातबाऱ्यावर आपले नाव कधी लागणार, हे विचारण्याची वेळ आली आहे.