कोवाडची कादंबरी, नांदेडची प्रस्तावना

लातूर-नांदेडकडच्या सार्वजनिक वाचनालयांत ‘श्रीमान योगी’ मागावी, तर बहुधा ती बाहेर गेलेली असते. परत येते तेव्हा पुठ्ठा सुटलेला, कोपरे झिजलेले आणि मधल्या पानांत बसचे तिकीट खूण म्हणून ठेवलेले. ‘छावा’ आणि ‘पानिपत’ यांची गतही तीच. गंमत म्हणजे या तिन्ही कादंबऱ्यांचे लेखक कोल्हापूर जिल्ह्यातले. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, विश्वास पाटील नेर्ल्याचे. पैठण आमचे, देवगिरी आमची, औसा-उदगीरचे किल्ले आमचे. पण या पंगतीत मांडीला मांडी लावून बसेल असा लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीकार काही मराठवाड्याला मिळाला नाही. मराठवाड्याने दुसरेच काहीतरी दिले, आणि त्याचा ठसा देसाईंच्या कारकिर्दीवर कायमचा उमटला आहे.

रणजित देसाईंचा जन्म ८ एप्रिल १९२८ चा. घर इनामदाराचे, गाव चंदगड तालुक्यात, बेळगावच्या वाटेवर. नाव झाल्यावर बहुतेक लेखक पुण्या-मुंबईचा रस्ता धरतात. देसाई मात्र कोवाडचेच राहिले. आरंभ कथांपासून झाला. पहिली कादंबरी ‘बारी’ १९५९ ची, बेरड समाजाच्या जगण्यावरची. तिच्यात ना दरबार आहे ना तलवार. ‘माझा गाव’मध्येही नाही. पुढे ज्यांना लोक केवळ ‘स्वामीकार’ म्हणून ओळखू लागले, त्यांचा हात मुळात घाटातल्या आणि गावातल्या माणसांवर बसलेला होता, हे विसरले जाते.

माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ आली १९६२ मध्ये. पानिपतानंतर पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा माधवराव सोळा वर्षांचे; १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे. एवढ्या अवधीत त्यांनी घरातला काका, शेजारचा निजाम आणि दक्षिणेतला हैदर या तिघांशी झुंज दिली. निजामाशी निर्णायक गाठ पडली ती आमच्याच गोदाकाठी, राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी. पण वाचकाच्या मनात राहतात ते माधवराव आणि रमाबाई. हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून ऐतिहासिक कादंबरी गडावर, तटावर, भुयारात घडत असे. देसाईंनी ती शनिवारवाड्याच्या माजघरात आणली. सत्तेच्या ओझ्याखाली वाकलेला तरुण नवरा आणि त्याची वाट पाहणारी बायको हे चित्र मध्यमवर्गीय घरांना लगेच आपले वाटले. १९६४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७३ मध्ये पद्मश्री. १९८७ मध्ये गजानन जागीरदारांच्या दिग्दर्शनाखाली दूरदर्शनवर मालिका आली आणि ज्यांनी पुस्तक हातात घेतले नव्हते, त्यांच्याही घरात रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि मृणाल देव रमाबाई. या हळव्या दांपत्यचित्राच्या शेजारी देसाईंच्या एकेकाळच्या पत्नी माधवी देसाई यांचे आत्मकथन ‘नाच गं घुमा’ ठेवून वाचावे. ते मुद्दाम सुचवतो, त्यावर भाष्य करत नाही.

शिवाजी महाराजांवर लिहायला घेतल्यावर मात्र माजघर पुरेना. ‘श्रीमान योगी’ १९६८ ची, आणि तिला प्रस्तावना नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची. तेव्हा कुरुंदकर पस्तिशीतले. जन्म कुरुंद्याचा, तेव्हाच्या परभणी आणि आताच्या हिंगोली जिल्ह्यातला. शिक्षण हैदराबादेत, मामा डॉ. ना. गो. नांदापूरकरांच्या छायेत. इंटरला ते एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले. पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, ही नांदेडकरांची अजूनही आवडती कथा आहे.

प्रस्तावना म्हणजे लेखकाची पाठ थोपटणे, असा आपल्याकडचा रिवाज. कुरुंदकरांनी तो मोडला. कादंबरीचे गुणगान बाजूला ठेवून ते थेट नायकाकडे वळले. महाराजांनी किती लढाया जिंकल्या, किती मुलूख मिळवला, या हिशेबाने त्यांचे मोठेपण मोजता येत नाही, कारण त्या हिशेबात त्यांच्याहून मोठे विजेते इतिहासात कितीतरी आहेत. मग वेगळेपण कशात? कुरुंदकरांनी बोट ठेवले ते १६८० नंतरच्या काळावर. महाराज गेले. औरंगजेब सगळे बळ घेऊन दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, त्याच वर्षी रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. राजधानी नाही, खजिना नाही, एकछत्री फौज नाही. आणि तरीही १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ देह ठेवतो, तोवर लढाई चालूच असते. राजा गेला की राज्य विरते, हा त्या काळचा नियम इथेच का चालला नाही? उत्तर शोधायला ते जमीनमहसूल, वतनदारांना घातलेला लगाम, रोख पगार आणि आरमार यांच्याकडे जातात. राज्य आपले आहे असे रयतेला वाटावे, असे महाराजांनी काय केले, याचा तो शोध आहे.

माझे मत असे की कादंबरी या प्रस्तावनेला पुरी पडत नाही. देसाईंचा जीव रमतो जिजाबाई, सईबाई, संभाजीराजे यांच्या प्रसंगांत, आणि तिथे ते वाचकाला रडवतात. सारावसुलीवर कोण रडणार? पण स्वतःच्या कादंबरीहून वरचढ ठरेल असा मजकूर तिच्याच दारात लावून घेणारा लेखक मोठ्या मनाचा म्हणायला हवा. आज अनेकजण प्रस्तावना तेवढी वाचून पुस्तक मिटतात. मी पाहिलेल्या एका ग्रंथालयीन प्रतीत पेन्सिलीच्या रेघा प्रस्तावनेच्या शेवटच्या पानाला थांबल्या होत्या. कादंबरीची पाने कोरी.

अशी प्रस्तावना नांदेडातून का आली, याचे एक कारण मला निजामी राजवटीत दिसते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमची कचेरी उर्दूची, उच्च शिक्षण उर्दूचे. भाषा लादलेली होती; पण तिच्यामुळे मराठ्यांच्या शत्रूची फारसी कागदपत्रे वाचणारी माणसेही इथे तयार झाली. त्यांत अग्रणी सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० चा, लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचा. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत नोकरी; आदिवासी भागात काम करताना गोंडी आणि कोलामी शिकले. फारसीवर इतकी पकड की मोगल दरबारची बातमीपत्रे आणि खाफीखान, भीमसेन सक्सेना यांच्या तवारिखा त्यांनी मराठीत आणल्या. शिवकाळावर किंवा त्यानंतरच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिणाऱ्याला मोगल छावणीत त्या दिवशी काय चालले होते, हे पाहायचे तर पगडींचे दार ठोठवावे लागते. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी ६ मार्चला रणजित देसाई गेले. कुरुंदकर त्याआधी दहा वर्षे, १० फेब्रुवारी १९८२ रोजी, औरंगाबादला कार्यक्रमात असतानाच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

अशा साधनांची वाट पाहणारी, अजून न लिहिलेली एक कादंबरी उदगीरची आहे. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावे साहित्य संमेलन तिथेच भरले, भारत सासणे अध्यक्ष होते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते याच परिसरात. निजामाच्या फौजेला औशाकडे कोंडीत धरले होते. आधी निजामाच्याच चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी आता भाऊंच्या बाजूने तोफा डागत होता. मराठी वाचकाला उदगीर ठाऊक आहे ते पानिपताची नांदी म्हणून. मार्चमध्ये परतुराहून फौजा उत्तरेला निघतात आणि कादंबऱ्याही त्यांच्या मागोमाग निघून जातात. त्या थंडीत दोन्ही फौजांच्या घोड्यांनी ज्यांची ज्वारी खाल्ली, त्या औसा-उदगीरच्या कुणब्यांवर अजून कुणी कादंबरी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. लिहिणाऱ्याला निम्मी साधने पेशव्यांच्या मोडीत मिळतील. उरलेल्यांसाठी फारसी लागेल, आणि निलंग्याहून उदगीर काही लांब नाही.