असं का होतं? : डिसोझा आडनावाला वेबसाइट अडखळते तेव्हा

निकालाच्या दिवशी सगळी मुलं एकाच पानावर बैठक क्रमांक टाकतात आणि प्रत्येकाला गुणपत्रिका मात्र आपापली दिसते. एवढी पानं आधी रचून ठेवायची गरज नसते. सर्व्हरवरचा प्रोग्राम क्रमांक घेऊन डेटाबेसला प्रश्न विचारतो, उत्तर तयार साच्यात भरतो आणि पान धाडतो. मागणी येईल तशी तव्यावरून पोळी, तसं.

कॉम्प्युटरच्या पदवीवर्गात अनेक ठिकाणी हे पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीवर शिकवतात. दोन्ही १९९५ ची, पण अजून कामाची. माहिती तक्त्यांत ठेवण्याची कल्पना त्याहून जुनी, आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली.

प्रात्यक्षिकात खरी गंमत येते ती इंग्रजीत डिसोझा (D’Souza) टाइप करताना. पहिल्या अक्षरानंतरचं ते वरचं टिंब-शेपूट म्हणजे डेटाबेसच्या लेखी मजकूर संपल्याची खूण. नाव तिथेच तुटतं, उरलेलं ‘सोझा’ आज्ञा म्हणून वाचलं जातं आणि पडद्यावर एरर! आडनावाऐवजी कुणी मुद्दाम खरीच आज्ञा घुसवली, तर अख्खी यादी बाहेर काढता येते. म्हणून प्रश्नाचा सांगाडा आधी द्यायचा, नाव मागाहून, वेगळं. मग त्यात काहीही असो, ते नावच राहतं. माझ्या मते हे पहिल्याच तासाला शिकवावं. रंगीबेरंगी बटणं नंतर.