सात कोटींची रांग

13 जून 2024 रोजी सोलच्या जाम्सिल इनडोअर स्टेडियममध्ये किम सोकजिननं एक हजार चाहत्यांना मिठी मारली. ‘बीटीएस’ या सात जणांच्या कोरियन ग्रुपमधला हा वयानं सगळ्यात थोरला. चाहते त्याला जिन म्हणतात. आदल्याच दिवशी तो दीड वर्षाची सक्तीची लष्करी सेवा संपवून बाहेर आला होता आणि त्या दिवशी ग्रुपला अकरा वर्षं पूर्ण होत होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेले हजार जण एकेक करून पुढं येत होते. सगळे व्हायला जवळजवळ तीन तास लागले. तीन तास म्हणजे 10,800 सेकंद. पुढं येणं, मिठी, बाजूला होणं, सगळं मिळून एका माणसाच्या वाट्याला अकरा सेकंदसुद्धा आले नाहीत.

आता हीच रांग जरा लांबवू. यूट्यूबवर बीटीएसच्या चॅनलचे सबस्क्रायबर 7 कोटींच्या पुढं गेलेत. 2011 च्या जनगणनेत आख्ख्या कर्नाटकाची लोकसंख्यासुद्धा 6 कोटी 11 लाखच होती. सबस्क्रायबर म्हणजे सगळेच काही जीव टाकणारे चाहते नव्हेत, पण घटकाभर तसं धरून चालू. या सात कोटींना जिननं त्याच वेगानं भेटायचं ठरवलं, तर झोप-जेवण सोडून त्याला 24 वर्षं उभं राहावं लागेल. रोज आठ तासांची ड्युटी धरली, तर 72 वर्षं. एकही रविवार न घेता. डिसेंबर 1992 चा त्याचा जन्म. शेवटच्या माणसाला मिठी मारेल तेव्हा तो 103 वर्षांचा असेल.

हा हिशेब मी मांडला तो उमरग्याच्या पोरींमुळं. आमचं मंठाळ बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात. इथली घरं मराठी बोलतात, पाट्या कन्नडमध्ये असतात आणि सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात. उमरगा पलीकडच्या धाराशिव जिल्ह्यात असलं, तरी आम्हाला ते परकं नाही. 27 डिसेंबर 2024 रोजी धाराशिव पोलिसांच्या हेल्पलाइनवर फोन आला, की उमरगा तालुक्यातल्या तीन मुलींना स्कूल व्हॅनमधून जबरदस्तीनं पळवून नेलंय. पोलिसांनी नंबर शोधला, तर तो उमरगा-पुणे एसटीत बसलेल्या एका बाईचा निघाला. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ बसस्थानकावर दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या मदतीनं तिघींना गाडीतून उतरवून घेतलं. पोरी 11 ते 13 वर्षांच्या. अपहरणाचा बनाव त्यांनीच केला होता. पुण्याला जायचं, काम करायचं, पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं, असा बेत होता.

बातमी वाचून पुष्कळ लोक हसले. मला हसू आलं नाही, मी नकाशा उघडला. उमरग्याहून सोल सरळ रेषेत सुमारे 5,300 किलोमीटर, ईशान्येला. पुणे पश्चिमेला. म्हणजे गाडी जसजशी पुढं जात होती तसतसं सोल मागं पडत होतं. सव्वाशेच्या वर किलोमीटर रस्ता कापून मोहोळला पोचल्या, तेव्हा त्या सोलपासून घरी होत्या त्यापेक्षा ऐंशीएक किलोमीटर जास्त लांब होत्या. आणि बेताची पहिलीच पायरी, काम करायचं ही, कायद्यात बसत नव्हती. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं आपल्याकडं गुन्हा आहे. अशा वयाच्या पोरींना पुण्यात काम देणारा माणूस कोण असता, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो. मोहोळच्या त्या दुकानदार बाईंचे उपकार किती मोठे, ते तिथं कळतं.

त्याच वर्षी जानेवारीत तमिळनाडूतल्या करूर जिल्ह्यातल्या तिघी तेरा वर्षांच्या मुली साठवलेले 14 हजार रुपये घेऊन निघाल्या होत्या. विशाखापट्टणमहून बोटीनं कोरिया गाठायचा होता. काटपाडी स्टेशनवर त्या सापडल्या. दोन राज्यं, दोन भाषा, एकमेकींची ओळख नाही आणि मनात तेच.

इतक्या लांबची माणसं पोरींना इतकी जवळची कशी वाटतात? याचं उत्तरही आकड्यांतच आहे. 21 ऑगस्ट 2020 रोजी, आपल्याकडं सकाळचे साडेनऊ वाजले असताना, बीटीएसचं ‘डायनामाइट’ हे गाणं आलं. पहिल्या 24 तासांत यूट्यूबवर ते 10 कोटी 11 लाख वेळा पाहिलं गेलं. बिदर जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 17 लाख. पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येकानं त्या एका दिवसात ते गाणं 59 वेळा पाहिलं असतं, तर हा आकडा झाला असता. गाण्याचा व्हिडिओ पावणेचार मिनिटांचा. प्रत्येकानं तो पुरता पाहिला असं धरलं, तर एका दिवसात माणसांचा 700 वर्षांहून जास्त वेळ त्यात गेला. त्याआधी, 14 जून 2020 ला, टाळेबंदीत त्यांनी ऑनलाइन कार्यक्रम केला; एका क्षणी 7 लाख 56 हजार 600 लोक एकदम पाहत होते, 107 देश-प्रदेशांतून. प्रत्येकाच्या हातातल्या पडद्यावर मात्र चेहरा वीतभर अंतरावर.

कोरियन कलाकारांशी चाहत्यांची खरी भेट होते ती ‘फॅनसाइन’मध्ये. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या दुकानातून अल्बम घ्यायचा. जितके अल्बम, तितक्या वेळा सोडतीत नाव. नंबर लागला, तर टेबलापलीकडं बसलेल्या कलाकाराशी मिनिटभर बोलायला मिळतं. म्हणून एकेक चाहता त्याच गाण्यांच्या पन्नास-पन्नास, शंभर-शंभर प्रती घेतो. 2023 मध्ये कोरियन अल्बमचा खप 10 कोटींच्या पुढं गेला, त्यामागं हेही एक मोठं कारण आहे. मला हा व्यवहार मुळीच आवडत नाही. अकरा-बारा वर्षांच्या जिवाची ओढ अशी प्रतींवर मोजून विकू नये.

ओढीला मात्र मी नावं ठेवणार नाही. आमच्या कल्याणची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची, परंपरा सांगते, की बाराव्या शतकात काश्मीरचा राजा संत बसवण्णांची कीर्ती ऐकून राज्य सोडून इथं आला, मोळिगे मारय्या झाला आणि लाकडाच्या मोळ्या विकून राहिला. काश्मीर ते कल्याण सरळ रेषेत 1,800 किलोमीटर. न पाहिलेल्या माणसासाठी घर सोडणं या मातीला नवं नाही.

माझी भाची बारा वर्षांची. आईच्या मोबाइलच्या पारदर्शक कव्हरात तिनं जिनचं फोटोकार्ड ठेवलंय, साडेपाच बाय साडेआठ सेंटिमीटरचं, कोपरे गोल केलेलं. मोबाइल चार्जिंगला लावला तरी ते आधी काढून पुसते. उमरग्याची बातमी घरात वाचली गेली त्या संध्याकाळी तिनं विचारलं, “मावशी, खरंच जायचं तर किती लागतात गं?” मी टाळलं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टची फी हजार रुपये आणि त्यावर आई-बाबांची संमती. मग व्हिसा, मग हजारांत जाणारं विमानाचं तिकीट. मग त्या सात कोटींची रांग आणि ती 72 वर्षं, हेही सांगितलं.

ती वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं बराच वेळ काहीतरी करत बसली. मग वही माझ्यापुढं सरकवली. “मावशी, तू एकट्या जिनचं धरलंस. ते सात जण आहेत. सातही उभे राहिले तर सव्वादहा वर्षांत होतं सगळं. माझा नंबर शेवटचा आला तरी मी बावीस वर्षांची असेन.”

मी आकडे तपासले. भागाकार बरोबर होता.