डावीकडची जमा

जुलै संपता संपता अकरावी वाणिज्यच्या वर्गात दर वर्षी तोच गोंधळ उडायचा. प्रवेशाच्या फेऱ्या आटोपलेल्या, मुलं बाकांवर स्थिरावलेली, आणि मी फळ्यावर खात्याचा नमुना काढायचो. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘नावे’, उजवीकडे ‘जमा’. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अडत दुकानदाराचा एक मुलगा उभा राहिला. “सर, आमच्याकडं उलटं असतं. जमा डावीकडं.” मी म्हणालो, “परीक्षेत पुस्तकातलं लिही.” वर्ग हसला, तो खाली बसला, आणि पुढची दोन वर्षं त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही.

मुलगा बरोबर होता. लाल कापडी बांधणीच्या, घड्या घालून रकाने पाडलेल्या देशी वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची असते. हे मला बी.कॉम., एम.कॉम. करताना कुणी सांगितलं नव्हतं. बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या दिवाणजींनी सांगितलं, तेही चहा पिता पिता. कुणाकडून पाचशे रुपये आले की अडत्या डाव्या बाजूला त्याचं नाव लिहून पाचशे जमा धरतो. नोंद होते ती पैसे देणाऱ्याच्या खात्याची. रोकड वेगळी मांडावी लागत नाही, कारण ती वहीच रोकडीची. इंग्रजी पद्धतीच्या रोकड पुस्तकात त्याच पाचशे रुपयांकडे रोकड खात्याच्या बाजूनं बघतात: रोकड आली, म्हणून नावे, म्हणून डावीकडे. व्यवहार तोच, फक्त बघणारा दुसऱ्या दाराशी उभा आहे. एवढं त्या मुलाला सांगायला मला पाच मिनिटं लागली असती.

तीस वर्षं हा विषय शिकवून माझी एक खात्री झाली आहे. वाणिज्य शाखेत येणारं पोर कोरी पाटी घेऊन येत नाही. ते घरातून एक वही घेऊन येतं, आणि आपण ती वही दप्तरातच ठेवायला सांगतो.

ही सवय जुनी आहे. दुहेरी नोंद पद्धत छापील पुस्तकात मांडली ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. आपल्याकडे ती इंग्रजी व्यापाराबरोबर आली. सोहराबजी दावर यांनी मुंबईत १९०० साली वाणिज्य शिक्षणाची संस्था काढली, १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झालं आणि पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली. पुढे दहावी-बारावीचा आकृतिबंध आला आणि वाणिज्य शाखा तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. गंमत अशी की पद्धत विलायती असली तरी मराठीनं तिला आपल्या दफ्तरातले शब्द दिले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे फारशी वळणाचे, कारकुनी हाताखालून गेलेले शब्द. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकातही तेच आहेत. शब्द घरचे ठेवले, घरची वही तेवढी बाहेर राहिली.

शब्दांचा फायदा मात्र होतो. ‘डेबिट’ पाठ करावं लागतं. ‘नावे’ पोराला आधीच ठाऊक असतं. किराणा दुकानात आई म्हणते, “नावावर मांडा.” म्हणजे ती ऋणको झाली, तिचं खातं नावे पडलं. व्यक्तिगत खात्याचा नियम तिथंच कळतो. अडचण येते ती ‘जमा’ला. मुलाच्या पासबुकात बँकेनं पाचशे जमा दाखवलेले असतात आणि गुरुजी सांगतात, आपल्या पुस्तकात बँक खातं नावे लिही. पोर म्हणतं, पैसे तर माझे वाढले! मग बँक जुळवणी पत्रकाच्या धड्याला अर्धा वर्ग कायमचा गारठतो. हा धडा मी पुढे पुढे फळ्यावर सुरू करणं सोडलं. दोन मुलांना समोरासमोर बसवायचो, एक बँक, एक खातेदार. दोघांनी आपापल्या वहीत एकच व्यवहार लिहायचा आणि मग वह्यांची अदलाबदल करायची. बँकेच्या वहीत खातेदार धनको आहे, त्याचं देणं लागतं म्हणून जमा, हे वाक्य मग मला उच्चारावंच लागत नसे. न वटलेला धनादेश आणि बँकेनं परस्पर कापलेलं शुल्क या दोन्हींची मजा मुलं स्वतःच शोधून काढायची.

पोरांच्या तोंडी विषयांची नावं छोटी असतात: बीके, ओसी, एसपी, इको. बीके म्हणजे पुस्तपालन व लेखाकर्म. त्यात आकडे असल्यानं ते मुलांना खरं वाटतं, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की “टॅली झालं!” अशी आरोळी उठते. (जुळल्या नाहीत तर रोकड शिलकेत फरक हळूच मिसळून दोन्ही बाजू जुळवणारे महाभागही असतात. त्यातले काही आज उत्तम कर सल्लागार आहेत, असं ऐकतो.) ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, आणि एसपी, म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती, हे मात्र मुद्दे मोजून लिहायचे विषय झाले आहेत. चिटणीस म्हटलं की मुलांना बाळाजी आवजी आठवतात. इथला चिटणीस मात्र कंपनीचा. तो भागधारकांना आणि कर्जरोखेधारकांना पत्रं लिहीत बसतो. गावात कंपनी नाही, भागधारकाला टपालानं पत्र येण्याचा काळही सरला. तरी पत्राचा नमुना, डावा-उजवा मायना, खालची सही, सगळं घोटून घेतलं जातं, कारण त्याचे गुण हमखास मिळतात. हा धडा उद्या अर्ध्यावर आणला तरी मला दुःख होणार नाही.

ओसीचं तसं नाही. त्यातला ऐवज चांगला आहे, शिकवण्याची रीत कोरडी. बारावीला हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं आहेत. फेयॉल खाण अभियंता होता. फ्रान्समधली बुडत चाललेली खाण कंपनी चालवता चालवता जे उमगलं ते त्यानं १९१६ साली मांडलं. वर्गात मात्र ती तत्त्वं आद्याक्षरांची माळ करून पाठ होतात. एका वर्षी मी मुलांना गावातल्या लग्नाच्या आचाऱ्याकडे पाठवलं. भटारखान्यात मुख्य आचारी, यजमानांचा मेहुणा आणि नवऱ्या मुलीची आत्या असे तिघे एकाच वाढप्याला तीन हुकूम सोडत होते. आदेशातील एकवाक्यता म्हणजे काय, हे त्या तुकडीला मी परत शिकवलं नाही. फ्रेडरिक टेलरची १९११ची शास्त्रीय व्यवस्थापनाची गोष्टही अशीच. पोलादाच्या कारखान्यात हाताशी घड्याळ ठेवून कामाची वेळ मोजणारा तो माणूस वीटभट्टीवर राबणाऱ्या घरच्या मुलाला लगेच कळतो, आणि मग तो मुलगा असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं पाठ्यपुस्तकात नसतात. त्या तासांना मला स्वतःला तयारी करून जावं लागे.

आता दहावीकडे वळू, कारण खरी विसंगती तिथं आहे. दहावीपर्यंत वाणिज्य नावाचा विषयच नाही, असं आपण समजतो. पण बालभारतीच्या नववी आणि दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. नववीला बचत आणि आयकर. दहावीला वस्तू व सेवा कर, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड. जीएसटी देशात १ जुलै २०१७ला लागू झाला आणि लवकरच दहावीच्या पुस्तकात आला, हे कौतुकाचं. म्हणजे पंधरा वर्षांचं पोर कराचं बीजक तपासू शकतं. तेच पोर अकरावीत येतं आणि आपण त्याला पहिल्या तासाला ‘व्यवसाय म्हणजे काय’ याची व्याख्या उतरवून देतो. गणिताच्या शिक्षकांनी पेरलेलं वाणिज्यच्या शिक्षकांना दिसतच नाही, कारण दोघांचे शिक्षक-कक्ष वेगळे.

बारावीच्या गुणांची वाटणी ८० आणि २० अशी आहे. लेखी ८०, अंतर्गत मूल्यमापन २०. या २० गुणांत घरची वही वर्गात येऊ शकली असती. प्रत्यक्षात तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. मुखपृष्ठ रंगीत, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, आणि आत कुठल्याशा मोठ्या बँकेची इंटरनेटवरून उतरवलेली माहिती. सगळे प्रकल्प एकसारखे असल्यानं तपासायला सोपे. तपासणारा मीही होतो.

दिल्लीच्या सरकारी शाळांत दुसरा प्रयोग झाला. तिथं २०१९ साली नववी ते बारावीसाठी उद्योजकता मानसिकतेचा अभ्यासक्रम आणला आणि २०२१ साली ‘बिझनेस ब्लास्टर्स’ सुरू केलं. अकरावी-बारावीच्या मुलांच्या गटांना दरडोई २००० रुपयांपर्यंत भांडवल देऊन खरा धंदा करायला लावला. त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रमही झाला. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती खरं भांडवल देणं मला मोलाचं वाटतं. पैसा बुडाला तरी ती शिकवणीच. पण मंचावर उभं राहून गुंतवणूकदारांना भुलवणं म्हणजे धंदा, ही समजूत मला झेपत नाही. चाळीस वर्षं एका पेठेत उधारी सांभाळून टिकलेलं दुकान त्या मंचावर फार केविलवाणं दिसेल.

आपल्याकडे याचं साधं, बिनभांडवली रूप आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत बालआनंद मेळावा भरतो. तिसरी-चौथीची मुलं घरची मेथी, बोरं, उकडलेल्या शेंगा, भेळ घेऊन बसतात. गुरुजी, पालक, सरपंच गिऱ्हाईक होतात, चिल्लर मोजली जाते. नऊ वर्षांच्या पोरीला समजतं की शेवटच्या अर्ध्या तासात जुडी निम्म्या भावानं द्यावी लागते, नाहीतर ती घरी परत न्यावी लागते. अशी मुलगी सोळाव्या वर्षी वाणिज्य शाखेत येते तेव्हा तिच्यासाठी मेळावा नसतो. विपणनाच्या व्याख्या असतात.

हल्ली वर्गात नवे प्रश्न येतात. “सर, क्यूआरवर आलेले पैसे रोख धरायचे की बँक?” पुस्तकातल्या उदाहरणांत ‘रोखीने माल विकला’ असं असतं, आणि वडापावच्या गाड्यावर यंत्र ओरडून सांगतं की अमुक रुपये मिळाले. उत्तर सरळ आहे: पैसे गल्ल्यात आले नाहीत, खात्यात आले, म्हणून बँक. पण या प्रश्नामागे मुलाचं डोकं चालू आहे, हे ओळखलं पाहिजे. भाषेचा तिढा याहून अवघड. बारावीपर्यंत ‘घसारा’ आणि ‘ख्याती’ म्हणणारी मुलगी बी.कॉम.ला जाते आणि तिथं सगळं इंग्रजीत सुरू होतं. टॅलीच्या संगणक वर्गातही तेच. तिला विषय येत असतो, त्याची इंग्रजी नावं येत नसतात. मी शेवटची दहा वर्षं दोन्ही शब्द एकाच दमात उच्चारत शिकवलं. व्याकरणवाल्यांनी नाकं मुरडली.

एक धडा मात्र मी कधी सफाईनं शिकवू शकलो नाही. बारावीच्या पुस्तपालनात भागीदाराचा मृत्यू हा पाठ आहे. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा नफा काढायचा, ख्यातीतला वाटा काढायचा, सगळं मिळून वारसाच्या खात्यावर न्यायचं. करोनानंतर वर्ग भरले त्या वर्षी तिसऱ्या बाकावर एक मुलगा होता. वडील आणि चुलते मिळून हार्डवेअरचं दुकान चालवायचे. वडील २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. भागीदारीचा लेखी करार नव्हता. भावाभावांत कोण करार करतं? १९३२चा भागीदारी कायदा सांगतो, करार नसेल तर नफा समान. त्यानं उदाहरण बिनचूक सोडवलं, तारखेसकट. मग वही मिटून विचारलं, “सर, ख्याती कशी मोजायची? गिऱ्हाईक तर बाबांना बघून यायचं.” सरासरी नफ्याची पद्धत मी त्याला सांगितली. दुसरं काय सांगणार होतो?

दिवाळी अंकात हे लिहितोय, म्हणून वहीपूजनाबद्दल एक ओळ. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चलाच संपवायचा नियम १९८९ पासून आला, आणि पाडव्याच्या वहीला पूजेपुरतं स्थान उरलं. तरी पेठेत अजून नवी वही पुजली जाते. पहिल्या पानावर शुभ-लाभ, आणि जमा डावीकडेच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका मुलीनं प्रकल्प म्हणून घरची दूध संकलनाची पुस्तिका आणली. दर दहा दिवसांचं बिल, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, दर, आणि खाली पेंडीची कपात. दूध घातलं की केंद्राच्या वहीत बाबांचं खातं जमा, पेंड उचलली की नावे, हे तिनं बाणांनी दाखवलं होतं. शिवाय जपून ठेवलेल्या पावत्या बिलाशी जुळवून बघितल्या, तर एका संध्याकाळचं सात लिटर दूध बिलात नव्हतंच. ते दुसऱ्याच कुणाच्या सभासद क्रमांकावर चढलं होतं. प्रकल्पाला अनुक्रमणिका नव्हती, प्रमाणपत्राचं पान नव्हतं, अक्षर किरटं. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मी तिला २० पैकी १४ दिले. संकलन केंद्रानं मात्र पुढच्या बिलात सात लिटरचे २३८ रुपये तिच्या बाबांच्या खात्यावर जमा केले.